गोळी पोषणाची, परिणाम मनावर

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. पण विश्रांती घेताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिचा जवळपास पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. ग्लुकोजपासून ही ऊर्जा मिळवायला बी-१ (थायमिन) आणि बी-३ (नायसिन) लागतात. सेरोटोनिन, डोपामिन, गाबा यांसारखी रसायने मेंदूतील पेशींमध्ये निरोपांची ने-आण करतात. ती बी-६ वाचून तयार होत नाहीत. मज्जातंतूंवरचे वेष्टण शाबूत राहायला बी-१२ हवे. म्हणून एखादे जीवनसत्त्व कमी पडले, की चिडचिड, विसराळूपणा, उदासी, झोपमोड अशा रूपाने त्याची खूण पुष्कळदा मनावर उमटते. गरजेच्या कितीतरी पट मात्रा पोटात गेली, तरीही मनावर परिणाम होऊ शकतो. आणि तो गोळी घेणाऱ्याने अपेक्षिलेलाच असेल असे नाही.

कमतरता भरून काढणे आणि कमतरता नसताना मात्रा वाढवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत जीवनसत्त्व अन्नाचे काम करते, दुसरीत ते औषधासारखे वागू लागते. या विषयातले बहुतेक घोटाळे हा फरक विसरल्यामुळे झाले आहेत.

वेड बरे करणारे अन्न

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्रा या रोगाने थैमान घातले होते. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलून निघे, जुलाब लागत आणि पुढे बुद्धीवर परिणाम होई. मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या कित्येकांचे वेड म्हणजे प्रत्यक्षात पेलाग्राच असे. तो संसर्गाने पसरतो असा तेव्हा समज होता. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून तपास हाती घेतला आणि दोष मक्यावर आधारलेल्या निकस जेवणाचा आहे, हे दाखवून दिले. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांमधील तशाच रोगावर प्रयोग करून निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, हा त्यावरचा उपाय असल्याचे सिद्ध केले. ते मिळाल्यावर भ्रमिष्ट झालेले रुग्ण काही दिवसांतच भानावर येत.

पेलाग्रा दख्खनच्या पठारावरही होता, पण इथे त्याचा संबंध मक्याऐवजी ज्वारीशी होता. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असा विचार मांडला, की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असते आणि त्यामुळे शरीरातील नायसिनचे गणित बिघडते. या कारणमीमांसेवर पुढे बराच वाद झाला. मात्र भाकरीच्या जोडीला डाळ, दूध आणि भाजी असली की हा रोग होत नाही, याबद्दल दुमत नव्हते.

पेलाग्राने वैद्यकाला एक मोठा धडा दिला: वेडाचे मूळ ताटात असू शकते आणि ते साध्या स्वस्त जीवनसत्त्वाने जाऊ शकते. त्यातूनच एक मोहही जन्माला आला. एक वेड जाते, तर बाकीचीही का जाऊ नयेत?

नायसिनचा मोठा प्रयोग

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात १९५० च्या दशकात एब्राम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड या दोन मनोविकारतज्ज्ञांनी हाच प्रश्न हाती घेतला. ॲड्रेनॅलिनपासून शरीरात भास घडवणारे एखादे द्रव्य तयार होत असावे आणि नायसिन त्याला आळा घालील, अशी त्यांची कल्पना होती. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ते दिवसाला ३ ग्रॅम नायसिन देऊ लागले. प्रौढ माणसाची रोजची गरज १४ ते १६ मिलिग्रॅमच्या आसपास असते; म्हणजे ही मात्रा गरजेच्या सुमारे दोनशे पट झाली.

एवढे नायसिन घेतल्यावर काय होते, हे बघण्यासारखे आहे. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत चेहरा, कान आणि मान लालबुंद होतात. कातडीखाली मुंग्या चालल्यासारखे वाटते, आग होते, खाज सुटते. तासाभराने सारे ओसरते. हा प्रकार घातक नसतो. पण ज्याला आधी कोणी सांगितलेले नाही, तो घाबरून जातो, छाती धडधडते आणि आता आपले काही खरे नाही असे त्याला वाटू लागते. प्रयोगाच्या दृष्टीने तर ही लाली मोठीच अडचण होती. औषध कोणाला आणि नकली गोळी कोणाला, हे रुग्णालाही कळू नये आणि तपासणाऱ्यालाही, असा नियम; पण इथे रुग्णाचे तोंडच ते सांगून टाकी.

हॉफर आणि ऑस्मंड यांनी उत्तम निष्कर्षांचा दावा केला. १९६८ मध्ये रसायनशास्त्रातील नोबेल विजेते लायनस पॉलिंग यांनी या पद्धतीला ‘ऑर्थोमॉलिक्युलर’ मनोविकारशास्त्र असे नाव देऊन तिचा पुरस्कार केला. त्यांच्या नावाला वजन होते, त्यामुळे जीवनसत्त्वांच्या भरघोस मात्रा घराघरांत पोहोचल्या. मात्र इतरांनी काटेकोरपणे केलेल्या चाचण्यांत तसा गुण आला नाही. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेने नेमलेल्या समितीने १९७३ मध्ये ही उपचारपद्धती निराधार ठरवली. मनासाठी सुरू झालेल्या या खटाटोपातून हाती लागले ते मात्र भलतेच. मोठ्या मात्रेत नायसिन रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करते, हे हॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५५ मध्ये आढळले. पुढे अनेक वर्षे ते हृदयविकाराच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर राहिले.

बी-६: स्वप्ने आणि मुंग्या

अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या प्रारंभी काही तान्ह्या बाळांना अचानक झटके येऊ लागले. ती बाळे चिडकी झाली होती आणि जरा आवाज झाला की दचकत. त्यांना दिले जाणारे डब्याचे दूध निर्जंतुक करताना तापवल्यामुळे त्यातले बी-६ नष्ट झाले होते. बी-६ मिळताच झटके थांबले. मेंदूला शांत ठेवणारे गाबा हे रसायन बी-६ वर किती अवलंबून आहे, हे या घटनेने दाखवले.

उलट्या बाजूने, मोठी मात्रा घेतल्यावर झोपेत काय होते याचीही परीक्षा झाली आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथील संशोधकांनी २०१८ मध्ये शंभर जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी पाच रात्री झोपण्यापूर्वी २४० मिलिग्रॅम बी-६ घेतले. म्हणजे रोजच्या गरजेच्या शंभर पटींहून अधिक. त्यांना सकाळी स्वप्नांमधला अधिक मजकूर आठवू लागला, स्वप्ने अधिक ठळक किंवा विचित्र मात्र झाली नाहीत. ज्यांना बी गटातील सगळीच जीवनसत्त्वे मिळून दिली, त्यांनी झोप नीट न झाल्याची आणि उठल्यावर थकवा वाटल्याची तक्रार केली. ‘ताकदीची गोळी’ रात्री घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात, महिनाभर रोज १०० मिलिग्रॅम बी-६ घेणाऱ्या तरुणांनी आपली चिंता थोडी कमी झाल्याचे सांगितले. परिणाम लहान होता, पण गाबाच्या कामाशी जुळणारा होता.

मात्र याच जीवनसत्त्वाची दुसरी बाजू १९८३ मध्ये पुढे आली. दिवसाला २ ते ६ ग्रॅम बी-६ महिनोन् महिने घेतलेल्या सात जणांची हकिगत अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यांच्या हातापायांची संवेदना गेली होती, अंधारात चालताना तोल जाई, हातातली वस्तू निसटे. ‘पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते’ हा समज इथे फसला. पुढे याहून पुष्कळ कमी मात्रेनेही त्रास झाल्याच्या नोंदी आल्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. एकाच वेळी बी-कॉम्प्लेक्स, मल्टिव्हिटॅमिन आणि मॅग्नेशियमची पावडर घेणारा माणूस ही मर्यादा नकळत ओलांडू शकतो, कारण बी-६ अनेकदा या तिन्हींत असते.

फोलिक ॲसिडचा आडपडदा

डॉ. ल्युसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना जीवघेणा पंडुरोग का होतो, याचा त्यांना छडा लावायचा होता. हाफकिन संस्थेत त्यांनी उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. यीस्टपासून बनवलेल्या ‘मार्माइट’ या स्वस्त खाद्यपदार्थाने हा पंडुरोग बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातले गुणकारी द्रव्य म्हणजे आजचे फोलिक ॲसिड. ते १९४५ च्या सुमारास अमेरिकेत कृत्रिमरीत्या बनवले गेले. ज्या प्रयोगशाळेत हे घडले, तिथल्या संशोधनाची धुरा यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती.

फोलिक ॲसिड बाजारात आल्यावर ते दुसऱ्या एका पंडुरोगासाठीही वापरले गेले. या रोगात बी-१२ शोषले जात नाही. रुग्णांचे रक्त सुधारले, चेहऱ्यावर तेज आले. पण हातापायांच्या मुंग्या, अडखळती चाल आणि मनाचा गोंधळ वाढत गेला. फोलिक ॲसिडने रक्तातील खूण पुसली होती, मज्जातंतूंची झीज मात्र चालूच होती. बी-१२ स्वतंत्रपणे हाती आले ते १९४८ मध्ये.

हा जुना इतिहास महाराष्ट्राला आजही लागू पडतो. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर व परिसरातील वरकरणी निरोगी मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये छापलेल्या या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गीयांत हे प्रमाण त्याहूनही जास्त होते.

बी-१२ ची कमतरता कधी कधी रक्तात काहीही दिसण्याआधी मनात प्रकट होते. शब्द आठवत नाहीत, उत्साह जातो, माणूस संशयी होतो. क्वचित भासही होतात. घरचे लोक म्हणतात, ‘वय झालं.’ म्हातारपणी अन्नातील बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण घटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीवरील काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही तसेच होते. कमतरता असलेल्याला बी-१२ मिळाले आणि काही आठवड्यांत त्याचा चेहरा उजळला, तर त्यात चमत्कार काही नाही. पण त्याच्या शेजाऱ्याची पातळी मुळात पुरेशी असेल, तर त्याच गोळीने त्याचे मन तसे उजळणार नाही. एका गोळीचे दोन घरांत दोन गुण दिसतात ते यामुळेच.

साठून राहणारी जीवनसत्त्वे

अ आणि ड ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळतात, त्यामुळे जास्तीची मात्रा चटकन बाहेर पडत नाही. ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाल्ल्यावर असह्य डोकेदुखी, गुंगी आणि चिडचिड होते, हे उत्तरेकडच्या दर्यावर्दींना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्यामागे जीवनसत्त्व अ आहे, हे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. अंटार्क्टिकाच्या मोहिमेत डग्लस मॉसन आणि झेवियर मर्ट्झ यांची बहुतेक रसद एका खोल भेगेत गेली. त्यांनी स्लेज ओढणारे कुत्रे मारून खाल्ले, यकृतासकट. मर्ट्झ भ्रमिष्ट झाला आणि जानेवारी १९१३ मध्ये मरण पावला. तो अ जीवनसत्त्वाच्या विषबाधेने गेला असावा, असा तर्क १९६९ मध्ये मांडला गेला; त्यावर आक्षेपही आहेत. जीवनसत्त्व अ अति झाले की कवटीतला दाब वाढू शकतो, एवढे मात्र निश्चित आहे.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. भारतात ते बहुधा ६०,००० युनिटच्या मात्रेत मिळते. डॉक्टर आठवड्याला एक, असे काही आठवडे लिहून देतात. सॅशे फाडून पावडर दुधात घालायची, चव गोडसर. चिठ्ठीवरचे ‘आठवड्यातून एकदा’ कोणी ‘रोज एकदा’ असे वाचले, तर प्रौढांसाठी शिफारस केलेल्या ६०० युनिटच्या शंभर पट मात्रा रोज पोटात जाते. कोर्स संपल्यावरही ‘हाडांना चांगलं असतं’ म्हणून कोणी तो आपल्या मनाने चालू ठेवतो. अशाने रक्तातले कॅल्शियम वाढत जाते. तहान, बद्धकोष्ठ, उलट्या आणि त्यांच्याबरोबरच मरगळ, खिन्नता, असंबद्ध बोलणे सुरू होते. वृद्ध माणसात हे चित्र नैराश्यासारखे किंवा स्मृतिभ्रंशासारखे दिसते. औषध बंद केल्यावरही पातळी खाली यायला आठवडे, कधी महिने लागतात.

ड जीवनसत्त्वाने उदासी टळते, अशी आशा पुष्कळांना होती. अमेरिकेत पन्नाशी आणि त्यापुढच्या १८,३५३ जणांवर पाच वर्षांहून अधिक काळ याची चाचणी झाली. रोज २००० युनिट घेणाऱ्यांत आणि नकली गोळी घेणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. हा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

जडीबुटी आणि झोपेच्या गोळ्या

पूरकांच्या दुकानात जीवनसत्त्वांशेजारी वनौषधी आणि संप्रेरकेही असतात. अश्वगंधा ताण कमी करते असे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. पण ती थायरॉइडची संप्रेरके वाढवू शकते. थायरॉइड वाढला की धडधड, घाम, अस्वस्थता आणि निद्रानाश होतो. म्हणजे शांत होण्यासाठी घेतलेल्या चूर्णाने एखाद्याची घालमेल वाढायची. डेन्मार्कने २०२३ मध्ये अन्नपूरकांतील अश्वगंधेवर बंदी घातली. युरोपात उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैराश्याच्या प्रचलित गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते: थरथर, ताप, प्रचंड अस्वस्थता. शिवाय ती गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक औषधांचा प्रभाव कमी करते. मनाची उभारी वाढवणारे कोणतेही पूरक बायपोलर आजार असलेल्या व्यक्तीला उन्मादाकडे ढकलू शकते.

झोपेसाठीच्या मेलाटोनिनमध्ये प्रश्न डबीवरच्या आकड्याचाही आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनची २५ गमी उत्पादने तपासली, तेव्हा २२ उत्पादनांतले प्रमाण छापलेल्या आकड्याशी जुळले नाही. एकात तर मेलाटोनिन नव्हतेच. शुद्धतेचा प्रश्न त्याहून गंभीर असू शकतो. १९८९ मध्ये झोप आणि मूड यांसाठी लोक घेत असलेल्या ट्रिप्टोफॅनमुळे अमेरिकेत १५०० हून अधिक जणांना स्नायूंच्या तीव्र वेदनांचा आजार झाला आणि तीसहून अधिक मृत्युमुखी पडले. त्याचा माग एका उत्पादकाच्या मालातील अशुद्धीपर्यंत पोहोचला.

गोळी आणि अपेक्षा

मनावर होणाऱ्या परिणामांची परीक्षा घेणे अवघड असते, कारण परीक्षा देणारे मनच असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्याच कर्मचाऱ्यांवर क जीवनसत्त्वाची चाचणी घेतली. तिचा अहवाल १९७५ मध्ये आला. रोज ३ ग्रॅम क जीवनसत्त्व घेतल्याने सर्दी कमी होते का, हा प्रश्न होता. काहींच्या कॅप्सूलमध्ये क जीवनसत्त्व होते, काहींच्यात दुधातली साखर. उत्सुकतेपोटी कित्येकांनी कॅप्सूल उघडून पावडर जिभेला लावली: आंबट लागली तर खरी, गोडसर लागली तर नकली. निकालात थोडासा फायदा दिसला खरा. पण तो ज्यांनी आपली गोळी ओळखली होती त्यांच्यापुरताच. ज्यांना ओळखता आले नाही, त्यांच्यात फरक उरला नाही.

अपेक्षा वागणेही बदलते. तैवानमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धूम्रपान करणाऱ्यांना सारखीच निरुपद्रवी गोळी दिली. काहींना ती जीवनसत्त्वाची असल्याचे सांगितले, तर काहींना खरे काय ते. जीवनसत्त्व घेतले असे समजणाऱ्यांनी पुढच्या तासाभरात जास्त सिगारेटी ओढल्या. गोळीने आपले रक्षण होत आहे, या भावनेने संयम सैल झाला.

तिसरी फसवणूक तपासणीत होते. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन अनेकदा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडो पट असते. रक्ताच्या काही चाचण्यांचे तंत्रच बायोटिनवर बेतलेले असल्याने अहवाल चुकतो. थायरॉइड ठीक असताना वाढलेला दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. धडधड आणि अस्वस्थता यांचे कारण शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती मग चुकीचे उत्तर पडते. चाचणीपूर्वी बायोटिन किती दिवस बंद ठेवायचे, हे डॉक्टरांना किंवा प्रयोगशाळेत विचारून घ्यावे.

या साऱ्यातून काही साधे नियम निघतात. अन्नपूरकाची परिणामकारकता औषधासारख्या चाचण्यांनी सिद्ध झालेली असतेच असे नाही. बी-१२ किंवा ड यांसारखी कमतरता रक्त तपासून कळते. आधी तपासावे, मग भरून काढावे. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी, नाहीतर गुण किंवा त्रास कशाचा हे समजत नाही. सुरू केल्याची तारीख, मात्रा, झोप आणि मनःस्थिती वहीत टिपून ठेवावी. डब्यांच्या मागची यादी वाचून सगळ्या उत्पादनांतील एकाच घटकाची बेरीज करावी. मनोविकारावरची औषधे चालू असतील, तर पूरकाच्या भरवशावर ती बंद करू नयेत. आणि ‘कोणकोणती औषधे घेता?’ असे डॉक्टरांनी विचारल्यावर बी-कॉम्प्लेक्स, ड जीवनसत्त्वाचे सॅशे, केसांची गोळी आणि अश्वगंधेचे चूर्ण यांचीही नावे सांगावीत.